नाव पटावर, लेकरू घरी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपला जिल्हा गुणांचा जिल्हा आहे. 'लातूर पॅटर्न' हे दोन शब्द उच्चारले की पुण्या-मुंबईचा माणूसही आपल्याकडे जरा आदराने पाहतो. निकालाच्या दिवशी चौकाचौकांत फलक लागतात, पेढे वाटले जातात आणि ज्याच्या घरी ऐंशी टक्के आले त्याचा बाप दोन दिवस मोंढ्यात जात नाही. मी याच हवेत वाढले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, तेव्हा गुणांचे मोल मला कळत नाही असे कोणी समजू नये. त्याच गुणांनी मला इथवर आणले. परंतु ज्या फूटपट्टीने आपण सगळी लेकरे मोजतो तिच्यावर काही लेकरांची खूणच उमटत नाही. अशा मुलांपैकी एका प्रकारच्या मुलांविषयी मला लिहावयाचे आहे. त्यांच्या अवस्थेला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता.

हा मराठी शब्द मला पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. मराठी विषयाची विद्यार्थिनी आहे म्हणून एवढा अधिकार घेते. 'स्वमग्न' म्हटले की डोळे मिटून समाधीत बसलेला कोणी साधुपुरुष डोळ्यांपुढे येतो. मूळ ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः', त्यावरून ब्लॉयलर नावाच्या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९११ साली वेगळ्याच आजारासंबंधी हा शब्द वापरला होता. पुढे १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची हकीकत लिहिली, तेव्हा तो या मुलांना चिकटला. आपण त्याचे शब्दशः मराठी केले. माझ्या घरातले मूल मात्र स्वतःत रमलेले नसते. कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची फडफड, नव्या सदऱ्याच्या कॉलरची शिवण, पाहुण्यांचा गलका, हे सारे त्याच्यावर एकाच वेळी चाल करून येते आणि ते कान झाकून कोपरा गाठते. याला मग्नता कशी म्हणावी?

तो माझा चुलतभाऊ, नऊ वर्षांचा. आम्ही एकाच वाड्यात राहतो. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण लिहू का असे त्याला विचारता आलेले नाही. दोन वर्षांचा झाला तरी हाक मारली की वळून पाहत नसे. ऐकू येत नाही म्हणावे तर शेजारच्या घरात बिस्किटाचा पुडा फोडला की इकडून धावत जाई. बाटल्यांची झाकणे, चिंचोके, सोयाबीनचे दाणे रांगेत लावायचा. त्यातला एक दाणा कोणी हलवला की तासभर रडे. शब्द आले तेही वेगळ्या वाटेने. एस. टी. च्या कंडक्टरसारखे 'लातूर, लातूर, चला लातूर' असे तो हुबेहूब म्हणायचा, पण तहान लागली तर पाणी मागता येत नसे. 'जेवतोस का रे?' असे विचारले की तोही 'जेवतोस का रे?' म्हणे. घरातल्यांना वाटायचे, पोरगे वेडावून दाखवतेय. त्या उलट्या प्रश्नाचा अर्थ 'मला भूक लागली आहे' असा होता, हे समजायला आम्हांला फार काळ लागला. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणणे ही या मुलांची बोलण्याची एक रीतच असते.

मग काय काय झाले ते खेड्यातल्या वाचकाला सांगायला नको. गंडा झाला, अंगारा झाला, एका देवरुष्याने कोंबडेही खाल्ले. कोणी म्हणाले, 'पोराचा बाप बी उशिराच बोलायला शिकला होता, थांबा.' एका दवाखान्यात 'मतिमंद' असे लिहून दिले. स्वमग्नता हा शब्द आमच्या वाड्यात आला तेव्हा पोरगे सहा वर्षांचे झाले होते. म्हणजे ज्या वयात सर्वांत अधिक शिकवता येते ते वय अंगाऱ्यात गेले. मतिमंदत्व आणि स्वमग्नता काही मुलांत एकत्र असतात, पण त्या दोन गोष्टी एक नव्हेत. १९९१ चा 'चौकट राजा' आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला आहे. त्यातल्या नंदूने खूप माणसांना रडवले, पण तेव्हापासून जे लेकरू वेगळे ते 'नंदू' अशी एक सोपी पेटी आपल्याला मिळाली. आमचा पोरगा त्या पेटीत बसत नाही.

सर्वांत वाईट वाट लागली ती काकूची. 'पोटुशी असताना गिऱ्हाणात भाजी चिरली आसंल.' 'लेकराला मोबाईल देऊन शेतात जाते, काय होणार?' 'तिनं लळाच लावला नाही त्याला.' हे शेवटचे वाक्य ऐकून मला वाटायचे, आमची गल्ली अडाणी. पुढे मानसशास्त्राच्या सरांनी वाचायला दिले तेव्हा कळले की अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टर वीस-पंचवीस वर्षे हेच म्हणत होते! आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, आई म्हणजे जणू बर्फाची पेटी, असा सिद्धान्त तिकडे पुस्तकांतून छापला जात होता. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा असा होता, ग्रंथ लिहून त्याला आव्हान दिले. आज हे पक्के ठाऊक आहे की स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतली भिन्नता आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि आईच्या प्रेमाचा तिच्याशी कारण म्हणून काही संबंध नाही. लसीचाही नाही. १९९८ साली इंग्लंडातल्या एका डॉक्टरने गोवराच्या लसीवर ठपका ठेवणारा निबंध छापला होता. ज्या नियतकालिकाने तो छापला त्यानेच २०१० साली तो मागे घेतला. तरीही आमच्याकडे 'डोस दिल्यापासून बिघडलं' असे म्हणणारे भेटतात, आणि शहरात 'मूलपेशींचे इंजेक्शन देऊन बरे करतो' म्हणून लाखो रुपये मागणारेही. स्वमग्नतेवर असा उपचार करू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितले आहे. दोन एकर विकून त्या इंजेक्शनापर्यंत पोचणारा बाप मात्र आयोगाचे पत्रक वाचत नाही.

जाता जाता मुलींविषयी. या अवस्थेची नोंद मुलांत जास्त होते, मुलींत कमी. त्याचे एक कारण असेही सांगतात की मुलींमध्ये ती लवकर ओळखू येत नाही. आपल्याकडे तर जी मुलगी कोणाकडे मान वर करून बघत नाही, बोलत नाही, एका कोपऱ्यात तासन्‌तास बसते, तिला 'गुणाची लेक' म्हणतात. अशा किती गुणाच्या लेकी आपण लग्न लावून पाठवून दिल्या असतील, देव जाणे.

वाचकहो, आता घरात काय करता येते ते सांगते, कारण 'यावर इलाज नाही' हे वाक्य अर्धेच खरे आहे. बरे करणारे औषध नाही. शिकवता मात्र पुष्कळ येते. आमच्या काकूने लातुरात जाऊन थोडे शिकून घेतले, बाकीचे रोज करून पाहिले. या मुलांना कानांनी आलेले निसटते, डोळ्यांनी पाहिलेले टिकते. म्हणून जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर दिवसाची चित्रे चिकटवली: दात घासणे, अंघोळ, भाकरी, दप्तर, शेळ्या, झोप. एक काम झाले की ते चित्र काढून डब्यात टाकायचे. पुढे काय होणार हे दिसू लागल्यावर अर्धे रडणे थांबले. आपल्याला गंमत वाटेल, पण अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्यात १९७० च्या सुमारास एरिक शॉप्लर यांनी जी पद्धत उभी केली तिच्यात हीच चित्रांची दिनचर्या असते. आमच्याकडे ती खळीने चिकटवलेली आहे, एवढाच फरक.

पाण्याच्या तांब्याचे चित्र हातात आणून दिले की पाणी द्यायचे, लगेच द्यायचे, हेही तसेच. आजीला धास्ती होती की चित्रावर भागले तर पोरगे बोलायचे राहील. तसे होत नाही. अनेक मुलांना चित्रांनी बोलणेही सोपे जाते. आता तो तांब्याचे चित्र देताना 'पानी' म्हणतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजून थांबायचे, हे तर आम्हां सगळ्यांनाच शिकावे लागले, आणि मराठवाड्यातल्या माणसाला दहापर्यंत गप्प बसणे किती जड जाते हे मी सांगायला नको! वाक्य आखूड ठेवायचे. कुकर लावण्याआधी त्याला सांगायचे आणि अंगणात न्यायचे. नवरात्रात रेणुकादेवीच्या देवळाकडे संबळ वाजू लागले की काका त्याला घेऊन शेतात मुक्कामाला जातात. नातेवाईक म्हणतात, देवाला नेत नाहीत. म्हणू देत.

कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावाचा. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला एका संस्थेत ठेवले होते. वर्षभराने आईवडिलांनी हट्टाने परत आणले. पुढे नऊ वर्षांचा झाल्यावर तो काही वर्षे एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचे वेड होते. शेतकऱ्याने ते मोडले नाही. विहीर खणताना खोली मोजायचे काम त्याला दिले, नांगर धरून मक्याच्या ओळी मोजायला लावले. तिथल्या खेड्यातल्या शाळेने त्याच्या विक्षिप्तपणासकट त्याला वर्गात ठेवून घेतले आणि तो शिकला. १९५८ साली तो पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला राहिला, मोटार चालवू लागला आणि २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. त्या बँकेत त्याच्या आजोळचा पैसा होता हे विसरता कामा नये. आमच्या काकांकडे तीन एकर कोरडवाहू आहे. पण त्या विहिरीच्या आणि मक्याच्या ओळींच्या गोष्टीला बँक लागली नव्हती. लागला होता तो एक शेतकरी आणि एक खेड्यातला मास्तर, आणि या दोन्ही गोष्टी रेणापूर तालुक्यात आहेत. ही हकीकत काकांना सांगितली तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सांजच्याला शेळ्या मोजण्याचे काम पोराकडे आले. अकरा शेळ्या. एक कमी असली की तो दावणीपाशी उभा राहतो आणि हलत नाही.

घराचे हे असे आहे. खरी अडचण शाळेची आहे, आणि मला मुख्यतः तेच म्हणावयाचे आहे.

कायदा बोलायला लागला की फार गोड बोलतो. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचे नाव घेतले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला बसवले आणि चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. शिक्षण हक्क कायदा तर २०१० पासून लागूच आहे. त्यामुळे आता कुठलीही शाळा 'घेत नाही' असे म्हणू शकत नाही. म्हणून ती घेते. नाव पटावर चढते, आधार क्रमांक जोडला जातो, वर्षाअखेर मूल वरच्या वर्गात जाते. आणि लेकरू घरी असते.

हे मी आरोप म्हणून लिहीत नाही, आमच्या वाड्यात घडले म्हणून लिहिते. आधी निरोप आला, 'दोन तास बसवा, मग घेऊन जा.' मग, 'परीक्षा आहेत, या आठवड्यात नको.' मग, 'उद्या तपासणी आहे, साहेब येणार, तेवढं पाठवू नका.' शेवटी निरोप येणेही थांबले, कारण आम्हीच पाठवणे थांबवले होते. गुरुजी वाईट नव्हते. दोन वर्ग एकाच खोलीत, वर निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशेब. त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते की या मुलाला दाराशी न बसवता भिंतीकडेला बसवावे. घंटा होण्याआधी बोटाने खूण करावी. प्रार्थनेच्या रांगेत त्याने हात झटकले तर तो उद्दामपणा नव्हे. वर्गातल्या एका समजूतदार पोराला त्याचा सोबती करावा. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. लागते ते कोणी तरी येऊन दाखवून देणे.

असे दाखवून देणारा म्हणजे विशेष शिक्षक. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरांमागे एक असे प्रमाण सांगितले. आपल्या राज्य सरकारने २०२४ साली केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचे ठरवले. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण एका केंद्रात दहा-बारा शाळा, वस्त्या लांब, आणि त्या एका माणसाने कमी दिसणारे, न ऐकणारे, चालू न शकणारे, स्वमग्न अशी सगळ्या प्रकारची मुले पाहावयाची. पंधरवड्यातून एकदा मोटारसायकलीवर येणाऱ्या माणसाकडून आपण काय अपेक्षा करावी?

यावर एक ठरलेले उत्तर आहे: 'अशा मुलांच्या शाळा वेगळ्या असतात, लातूरला घेऊन जा.' लातुरात सोयी आहेत हे खरे. हरंगुळला 'संवेदना' आहे, शहरात 'उमंग' केंद्र आहे. आपल्या जिल्ह्यात अशी कामे उभी राहिली याचा मला अभिमानच वाटतो. ज्यांची अडचण फार तीव्र आहे अशा मुलांना ती हवीतच. पण रेणापूरहून लातूर वीसेक किलोमीटर. एस. टी. त सवलत मिळते, वेळेची सवलत कोण देणार? काकू रोज पोराला घेऊन गेली तर तिचा रोज बुडतो, आणि खुरपणीच्या दिवसांत तो रोज म्हणजे घराचे मीठ-मिरची असते. पलीकडच्या वस्त्यांवरून तर आधी रेणापूरला पोचण्यातच सकाळ जाते. माझी यापेक्षाही मोठी तक्रार अशी की हे उत्तर देणाऱ्याला बहुधा लातूरची काळजी नसते. त्याला फक्त हे मूल आपल्या वर्गात नको असते. निकालाची टक्केवारी सांभाळायची असते. लातूर पॅटर्नची खाली झिरपलेली ही एक बाजू आहे, तीही आपण मान्य केली पाहिजे. दुसरीच्या वर्गातसुद्धा आता 'माझा वर्ग प्रगत' असा फलक लावावा लागतो, आणि त्या फलकाला आमचे पोरगे अडचण वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. म्हणजे हजार वस्तीच्या गावात सात-आठ. आपल्या ओळखीचे किती आहेत? नसतील तर ते गेले कुठे? ते 'येडं', 'मुकं', 'बाहेरचं झालेलं' म्हणून घराच्या मागच्या खोलीत आहेत. त्यांच्यापाशी प्रमाणपत्र नाही. त्यासाठी काकांनी चार खेपा घातल्या, दर खेपेला कोणी तरी रजेवर होते. शेवटी चाळीस बाबींच्या भारतीय मापनश्रेणीवर तपासणी झाली आणि दाखला मिळाला. त्या दाखल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत लाखापर्यंत आरोग्यविमा मिळू शकतो. आमच्या गल्लीतच काय, आमच्या कॉलेजातही हे कोणाला माहीत नव्हते.

मित्रहो, आपल्यातले निम्मे पोलीस भरतीची आणि उरलेले स्पर्धा परीक्षेची तयारी करीत आहेत. जागा किती आणि आपण किती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचे विशेष शिक्षणाचे पदविका आणि बी. एड. अभ्यासक्रम आहेत, कला शाखेच्या पदवीनंतरही ते करता येतात, आणि वर सांगितलेल्या जागा भरायला माणसे लागणारच आहेत. आपल्या मार्गदर्शन वर्गाच्या फळ्यावर याचा एक कागद मी कधी पाहिला नाही. प्राध्यापकवर्गाने रागावू नये, पण तो लावावा.

दुसरी गोष्ट राष्ट्रीय सेवा योजनेची. दर हिवाळ्यात आपण दत्तक गावी सात दिवस जातो, शोषखड्डे खणतो, घरोघर जाऊन फॉर्म भरतो. शौचालय आहे का, गॅस आहे का, मतदार किती. त्या फॉर्मात एक ओळ वाढवावी: 'या घरातले कोणते मूल पटावर आहे पण शाळेत जात नाही?' उत्तर मिळेल तिथे थोडे बसावे, आईशी बोलावे, आणि यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत नेऊन तिची पोच घ्यावी. निवाड्याच्या बाजूच्या दोन वस्त्यांवर मी मैत्रिणीबरोबर हे सुरू केले आहे. आतापर्यंत पाच घरे सापडली. त्यांतले एकही मूल अजून डॉक्टरला दाखवलेले नाही, त्यामुळे त्यांना नेमके काय आहे ते मी सांगू शकत नाही. जूनमध्ये कॉलेज उघडले की पुढची गावे घ्यावयाची आहेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी मराठी विभागात भेटावे. सायकल असल्यास बरे.